पडलेल्या पुलाचा फोटो

पूल पडला तेव्हा आवाज आला नाही. लॅबमधले स्पीकर आधीच काढून ठेवलेले होते. जुलैचे दिवस, बाहेर कोल्हापूरचा न थांबणारा पाऊस, खिडकीच्या फटीतून आत येणारी ओल, भिंतीच्या चुन्याला सुटलेला कुबट वास, दाराशी उभ्या केलेल्या छत्र्यांचं फरशीवर साचलेलं पाणी. वीस मशीनच्या त्या खोलीत एका पडद्यावर, पूल बांधायच्या गेममध्ये, ट्रक पुलाच्या मध्यावर आला आणि पूल ट्रकसकट खाली गेला. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. दोन रांगा पलीकडून मॅडमनी वळून विचारलं, “काय रे, पडला काय?” मुलाने माऊस हलवला. एक क्लिक. ट्रक गायब, नदी शांत, पूल जसाच्या तसा उभा. “न्हाई मॅडम, चाललंय की.” मॅडम पुढच्या मशीनकडे गेल्या आणि तो घाईघाईने पुलाचे सगळेच मेंबर, म्हणजे दांडे, जाड करत सुटला.

ती एक क्लिक मनातून जात नाही.

कारण कॉलेजात व्हिडिओ गेम आणायचा तो पाडापाडी करता यावी म्हणूनच. खरा पूल मोडून बघता येत नाही. टेस्टिंग मशीनवर सळई तोडली की ती सळई गेली, आणि बॅचमधल्या वीसांपैकी एखाद्याच्याच हातात मशीन येतं, बाकीचे टाचा उंच करून बघतात. पडद्यावर मात्र एका प्रॅक्टिकलमध्ये तीस-चाळीस पूल पाडता येतात, पैसा लागत नाही, कुणी दुखावत नाही. म्हणजे हार फुकट असलेल्या एकमेव जागी तो मुलगा बसला होता आणि तिथेही त्याने हार लपवली. ही सवय गेमने लावलेली नाही, ती जर्नलने लावली आहे. आपल्या जर्नलात चुकलेलं रीडिंग नसतं. आलेखावरचा एकही ठिपका रेषेच्या बाहेर बसलेला नसतो. उत्तर किती यायला हवं ते सीनिअरच्या जर्नलात बघायचं, तिथून उलटं येत रीडिंग भरायची, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं एकाच शाईत उतरवायचं. बारावीपर्यंतची दोन वर्षं आणि नंतरची चार, एवढी मेहनत घेऊन मुलं चूक पुसायला शिकतात. मग त्यांच्यासमोर पुसायचं बटण एका क्लिकवर ठेवलं तर ती आणखी काय करणार?

हा पुलाचा गेम अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकवणाऱ्या स्टीफन रेस्लर यांनी तयार केला. फुकट मिळतो, आकाराने लहान आहे, कॉलेजातल्या जुन्या मशीनवरही चालतो. सांधे टाकायचे, सांध्यांमध्ये मेंबर जोडायचे, प्रत्येकाचं पोलाद आणि जाडी निवडायची, भरीव सळई की पोकळ नळी ते ठरवायचं. मग ट्रक सोडायचा. ट्रक चालतो तसे दाब सोसणारे मेंबर तांबडे होत जातात, ताण सोसणारे निळे, आणि बळ जितकं क्षमतेजवळ जातं तितका रंग गडद. दोन टोकांवर टेकलेल्या साध्या पुलात वरची ओळ तांबडी आणि खालची निळी व्हायची, हे वर्गात फळ्यावर दहा वेळा सांगून झालेलं असतं. तरी ट्रक सोडण्याआधी कागदावर रंग भरायला सांगा, अर्धा वर्ग वरच्या ओळीला निळी पेन्सिल लावतो.

त्या मुलाच्या पुलात गेला होता तो वरच्या ओळीतला आठ मीटरचा एक बारीक मेंबर. तो तुटला नव्हता, वाकला होता. दाबाखाली लांब, सडपातळ मेंबर पोलादाची ताकद संपायच्या कितीतरी आधी बाजूला फुगतो, म्हणजे बकल होतो, आणि किती दाबाला फुगणार हे लांबीच्या वर्गावर ठरतं: लांबी निम्मी केली की क्षमता चौपट. म्हणजे त्या आठ मीटरच्या मध्यावर एक सांधा टाकायचा, तो लोंबकळू नये म्हणून तिथून खालच्या सांध्याला एक मेंबर जोडून त्रिकोण पुरा करायचा, काम झालं. किंवा तेवढ्याच वजनाची पोकळ नळी घ्यायची, कारण धातू मध्यापासून लांब गेला की वाकायला जास्त विरोध करतो. सगळेच मेंबर जाड करणं हाही उपाय आहे आणि पूल उभाही राहतो. पण खर्चाचा आकडा फुगतो, आणि शिकायचं होतं ते एका मेंबरात असताना मुलाच्या हाती ‘जाड करा, टिकतं’ एवढंच लागतं. मॅडम त्या वेळी तिथे असत्या तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, की कुठला गेला. पडलेला पूलच पुढ्यात नसेल तर तो प्रश्न विचारायचा कशावरून?

कोल्हापुरात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागू नये. तालमीतला हौद बघा. तांबडी माती चाळून घेतलेली, तीत तेल, हळद, ताक, लिंबू घातलेलं, रोज खणून भुसभुशीत ठेवलेली. पडणाऱ्याचं हाड मोडू नये म्हणून एवढा खटाटोप. पहाटेपासून पोरं त्या मातीत शेकडो वेळा पडतात आणि त्याचा कुठे हिशेब नसतो. हिशेब होतो तो खासबाग मैदानातल्या कुस्तीत. पण नुसती मऊ माती पैलवान घडवत नाही. हौदाच्या काठावर वस्ताद उभा असतो. पोरगं पडलं की तो तिथेच थांबवतो, पाय कुठे होता ते दाखवतो, त्याच पकडीत पुन्हा उभं करतो आणि तोच डाव पुन्हा टाकायला लावतो. पडण्याच्या त्या क्षणाला धरून ठेवणं हे त्याचं खरं काम. आपण कॉलेजात गेम आणतो तेव्हा माती आणतो आणि वस्तादाला दोन रांगा पलीकडे ठेवतो.

शिक्षणात गेम वापरणारी जाणती माणसं खेळून झाल्यावरच्या चर्चेवर एवढा भर देतात तो याच कारणाने. याचा सगळ्यात चांगला नमुना मॅनेजमेंटच्या वर्गात सापडतो, आणि त्याला संगणकही लागत नाही. साधारण १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने बिअरच्या पुरवठ्याचा एक खेळ केला. एमबीएच्या मुलांना तो बिअर गेम म्हणून ठाऊक असतो. कोल्हापुरात तो गुळावर खेळवावा. चार खुर्च्या: किराणा दुकानदार, घाऊक व्यापारी, मार्केट यार्डातला अडत्या आणि गुऱ्हाळ. प्रत्येकाच्या गोदामात सुरुवातीला १२ रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा. गिऱ्हाईक आठवड्याला ४ रवे मागतं. ऑर्डर वरच्याकडे चिठ्ठीने जायची, तिला दोन आठवडे. माल खाली यायला आणखी दोन. शिल्लक राहिलेल्या रव्यामागे आठवड्याला ५० पैसे खर्च, देता न आलेल्या रव्यामागे १ रुपया. दर आठवड्याची कामं पाच आणि क्रम ठरलेला: आलेला माल आत घ्यायचा, खालची चिठ्ठी उघडून जमेल तेवढा माल सोडायचा, शिल्लक किंवा थकबाकी लिहायची, वाटेतल्या चिठ्ठ्या एक घर पुढे सरकवायच्या, आणि शेवटी वरच्याकडे आपली ऑर्डर लिहायची. एकमेकांशी बोलायचं नाही. नियम एवढेच.

पाचव्या आठवड्यात गिऱ्हाईक ४ ऐवजी ८ रवे मागतं आणि मग खेळ संपेपर्यंत ८ च मागत राहतं. टेबलावर मात्र वादळ उठतं. दुकानदाराचं गोदाम रिकामं होतं, तो घाबरून १२ मागतो, माल येत नाही म्हणून १६ मागतो. व्यापारी त्याच्यावर आपली धास्ती चढवतो, अडत्या आणखी चढवतो, आणि गुऱ्हाळापर्यंत तीस-चाळीस रव्यांची मागणी पोचते. वाटेतला माल सगळे विसरलेले असतात. मग अचानक तो सगळा एकदम उतरतो, गोदामं ओसंडतात, ऑर्डरी शून्यावर येतात. एव्हाना टेबलावर नजरानजर सुरू झालेली असते. दुकानदाराला वाटतं वरचे माल दाबून ठेवतायत. गुऱ्हाळाला वाटतं खाली कुणीतरी वेडं बसलंय. घरी अडत असलेलं एखादं पोरगं छातीठोकपणे सांगतं, की पाडव्याच्या मुहूर्ताला मागणी वाढली असणार, नाहीतर गुजरातेतून फोन आला असणार.

आता खरा तास सुरू होतो. गिऱ्हाइकाचा आकडा अजून झाकलेलाच ठेवायचा आणि प्रत्येकाला कागद देऊन म्हणायचं, गिऱ्हाइकाने दर आठवड्याला किती मागितलं असेल त्याचा आलेख काढ. दुकानदार गप्प राहतो, त्याला माहीत असतं. बाकीचे तिघे डोंगरदऱ्या काढतात. मग फळ्यावर खरा आलेख: ४, ४, ४, ४, ८, आणि नंतर सरळ रेष. त्या क्षणी वर्ग जसा शांत होतो तसा एरवी होत नाही. डोंगर गिऱ्हाइकाने केले नव्हते, ते त्या चौघांनी आणि मधल्या उशिराने मिळून केले होते. एमआयटीचे जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये या खेळातले निर्णय तपासून हेच दाखवलं, की माणसं वाटेत असलेला माल हिशेबात धरत नाहीत. एक बारकावा सांगायलाच हवा. खेळ ३६ आठवड्यांत थांबवतात, पण मुलांना ५० सांगतात. ३६ सांगितले तर शेवटच्या काही आठवड्यांत पोरं हुशारीने ऑर्डर बंद करतात आणि आलेखाची शेपटी खोटी येते.

हा खेळ संगणकावर आणला की बेरजा चुकत नाहीत, वेळ वाचतो. मात्र हाताने सरकवायची चिठ्ठी जाते आणि तिच्याबरोबर वाट बघणंही जातं, आणि वाट बघणं हाच इथला विषय आहे. पहिला डाव कागदावरच व्हावा. दुसऱ्या तासाला लॅबमध्ये तोच खेळ स्प्रेडशीटवर मांडावा आणि उशीर दोनाचा एक आठवडा करून बघावा, मग गिऱ्हाइकाची खरी मागणी चौघांनाही दिसेल असं करून बघावं. एकच गोष्ट बदलून पुन्हा तेच चालवणं, यासाठी संगणक. नदीकाठच्या कॉलेजात तर पाण्याचाही असा खेळ करता येतो. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. दिवसभर उघडा राहिला तर ०.१२ टीएमसी (अब्ज घनफूट), सातही उघडले तर दिवसाला ०.८६. धरण ८.३६ टीएमसीचं. खाली पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. सहा-सहा तासांची एक खेळी धरून, पाणी खाली पोचायला लागणारा उशीर मध्ये घालून हे मांडलं की गुळाच्या टेबलावरची धास्ती पाण्यातही उमटते: पातळी दिसते ती आत्ताची, पण निर्णय घ्यायचा असतो तो वाटेत असलेल्या पाण्यावर.

फॉरेस्टर यांचं नाव आणखी एका वळणावर भेटतं. १९६९ मध्ये त्यांनी शहराच्या वाढीचं आणि ऱ्हासाचं एक गणिती मॉडेल मांडलं, आणि विल राइट यांनी १९८९ मध्ये सिमसिटी हा गेम काढला तेव्हा त्यामागे त्या मॉडेलचा प्रभाव होता. म्हणजे बटणांच्या मागे कुणाचा तरी शहराबद्दलचा एक विचार बसलेला आहे. आर्किटेक्चरच्या, नगररचनेच्या वर्गात हा गेम वापरायचा तर तो विचार उघडून दाखवण्यासाठी वापरावा. मूळ गेमचा कोड २००८ मध्ये मायक्रोपोलिस या नावाने खुला झाला आहे, त्यामुळे लायसन्सचा प्रश्न नाही. मुलांना सांगायचं, यात गुजरी बांध. जुन्या शहरातली गुजरी: खाली सराफी पेढी, मागे कारागिराची भट्टी, वर घर, जिन्यात सायकल. बांधता येत नाही. गेममध्ये राहण्याची जमीन वेगळी, दुकानांची वेगळी, कारखान्यांची वेगळी. लक्ष्मीपुरीही होत नाही, उद्यमनगरही होत नाही. वीस मिनिटं झटापट केल्यावर कुणीतरी वैतागून म्हणतं, “हे आपल्यासारखं गावच न्हाई,” आणि तिथून नगररचनेचा अभ्यास सुरू होतो. महाद्वार रोडला गाडी लावायला जागा शोधणाऱ्या माणसाला तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०१३ च्या सिमसिटीत पार्किंगच्या बऱ्याच जागा मुद्दाम जमिनीखाली आहेत असं मानलं गेलं, कारण खऱ्या प्रमाणात दाखवल्या असत्या तर गेम कंटाळवाणा झाला असता.

इथे पद्धत महत्त्वाची. एक शहर सेव्ह करायचं. त्याच फाइलमधून प्रत्येक वेळी सुरू करायचं. कर सुरुवातीला ७ टक्के असतो, तो ९ करायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही, गेममधली पाच वर्षं जाऊ द्यायची, लोकसंख्या लिहायची. मग तीच फाइल उघडून ५. असं करत गेमचे पाच छुपे नियम शोधून लिहायचे आणि त्यातला कुठला कोल्हापुरात खोटा ठरतो ते सांगायचं. मुलं इथे हमखास चुकतात ती एका वेळी तीन गोष्टी बदलून. शहर वाढतं, पण का वाढलं ते कुणाला सांगता येत नाही.

यानं बांधून अवकाशात सोडायच्या कर्बल स्पेस प्रोग्रॅम या गेमचंही असंच. आपल्या पुढे असलेलं यान गाठायचं तर वेग वाढवायचा नाही, कमी करायचा; खालच्या, छोट्या कक्षेत उतरलं की फेरी लवकर पुरी होते. हे समीकरणातून कळतं, पण पटतं ते दोनदा वेग वाढवून आणखी मागे पडल्यावरच. आकडे मात्र तिथलेच असतात. गेममधल्या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीची ६,३७१. तिथे खालच्या कक्षेत सेकंदाला २.३ किलोमीटर पुरतात, इथे ७.८ लागतात. शिवाय एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्व धरलेलं असतं. हे आधी सांगितलं नाही तर परीक्षेच्या पेपरात तिथला वेग उतरतो. कॉम्प्युटरच्या मुलांसाठी नँडगेम आहे, ब्राउझरमध्ये चालतो, फुकट. नँड गेट या साध्या तार्किक सर्किटपासून प्रोसेसरपर्यंत पायरी पायरीने नेतो. त्याचा धोका एकच, उत्तरं यूट्यूबवर पडलेली आहेत. चार नँडमध्ये एक्सॉर गेट कागदावर काढून दाखव, असं ओरलला विचारलं की कोण कुठून आलंय ते कळतं.

या सगळ्याची खरी अडचण वेळेची आहे. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये खेळ पसरतो आणि चर्चा खातो. दहा मशीन सुरू होत नाहीत, कुणाचा पासवर्ड चालत नाही, वीज जाते, आणि तासाच्या शेवटी उरलेल्या पाच मिनिटांत मॅडम ‘यावरून काय शिकलो’ असं विचारतात. तेव्हा सगळ्यांचं लक्ष दाराकडे असतं. शेवटचा अर्धा तास आधीच कापून बाजूला ठेवायचा आणि घड्याळात ती वेळ झाली की मॉनिटर बंद करायला लावायचे, कितीही आरडाओरडा झाला तरी. पडदा चालू असेपर्यंत कुणी ऐकत नाही. एका मशीनवर दोघं: एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात वही, दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. ही अदलाबदल सक्तीची नसेल तर लहानपणापासून गेम खेळलेला पोरगा माऊस सोडत नाही, आणि शेजारी बसलेली, घरी कधी कॉम्प्युटर न मिळालेली मुलगी दोन तास फक्त बघते. पहिली वीस मिनिटं नुसती बटणं समजून घ्यायला द्यावीत, त्याचे मार्क नकोत. आणि सर्वांत मोठी गोष्ट, स्कोअरला मार्क नकोत. सर्वांत स्वस्त पुलाला दहापैकी दहा, असं जाहीर केलं त्या दिवशी एक फाइल पेनड्राइव्हवरून सगळ्या बॅचमध्ये फिरते.

त्या लॅबमध्ये पुढच्या आठवड्यापासून टर्मवर्कचा कागद बदलला. ट्रक सोडण्याआधी तांबड्या-निळ्या पेन्सिलीने अंदाज. पूल पडला की काहीही दुरुस्त करण्याआधी पडद्याचा फोटो, फाइल पुढच्या क्रमांकाने सेव्ह. किमान तीन पडलेले पूल जर्नलात लावायचे आणि प्रत्येकाखाली लिहायचं, कुठला मेंबर गेला, ताणाने की दाबाने, पुढे काय बदललं. दहातले ४ मार्क अंदाजाला, ४ या लिखाणाला, उभ्या राहिलेल्या पुलाला २. पहिल्याच दिवशी पोरांनी तीन पूल मुद्दाम वेडेवाकडे बांधून पाडले आणि दहा मिनिटांत मोकळी झाली. मग आणखी एक अट आली: एका पुलापासून पुढच्या पुलापर्यंत एकच बदल करायचा, दुसरा नाही. त्या अटीनंतर खोलीतली गडबड कमी झाली. पोरं पडद्याच्या जवळ सरकून बसू लागली.

त्या मुलाच्या पहिल्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘वरचा मेंबर बकल झाला. मला वाटलं होतं खालचा तुटेल.’ मॅडमनी बरोबरची खूण केली नाही. ‘मला वाटलं होतं’ याच्याखाली लाल पेनने एक रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, ‘का वाटलं?’ उत्तराला पुढचं अर्धं पान लागलं. त्यात खोडाखोड होती, दोन रंगांची शाई होती, आणि एक छोटं चित्र होतं, प्लास्टिकच्या फुटपट्टीला दोन्ही बाजूंनी दाबल्यावर ती कशी फुगते त्याचं.

त्या दिवशीही पाऊस होता. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३७ फुटांवर गेल्याचा मेसेज पोरांच्या फोनवर फिरत होता आणि चिखलीकडून येणाऱ्या दोघांना लवकर सोडलेलं होतं. मागच्या रांगेत पुन्हा एक ट्रक नदीत गेला. “काय रे, पडला काय?”

“व्हय मॅडम, पडला. थांबा, फोटो काढतोय.”

शेजारचा खुर्ची ओढत आला, कुठला मेंबर गेला ते बघायला.